पेल्यातील लेखण्या

घरात चित्रे काढणारे एखादे मूल असले म्हणजे त्याच्या अभ्यासाच्या मेजावर एक पेला हमखास दिसतो. कधी तो कान तुटलेला कप असतो, कधी मुरंब्याची रिकामी बरणी. त्यात स्केचपेने, मार्कर, बॉलपेने, एखादा ब्रश आणि दोन-चार बोथट पेन्सिली अशी सारी मंडळी टोके वर करून उभी असतात. पाहणाऱ्यास ती शोभाच वाटते. परंतु शाळेतील चित्रकलेची परीक्षा तोंडावर येते, मूल आकाश रंगवू लागते, आणि अर्ध्या आकाशातच निळे पेन कोरडे पडते. हिरव्याचे टोपण सापडत नाही. काळे तर केव्हाच मुके झालेले असते. मग मुलाच्या वाट्याला बोलणी येतात. नवा संच आणला जातो आणि तोही त्याच पेल्यात उभा राहतो. अशा प्रसंगी पुष्कळदा अपराधी मूल नसून तो पेला असतो.

बोरूने कित्ता गिरवणाऱ्या पिढ्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. बोरूच्या किंवा टाकाच्या पोटात शाई नसते. ती दौतीत असते. बोरू उभा ठेवा वा आडवा ठेवा, त्याचे काही बिघडत नाही. जपावयाची ती दौत. जुन्या दफ्तरखान्यांतील कलमदान पाहिले तर हा विचार स्पष्ट दिसतो. दौतीला तिची स्वतंत्र बसण्याची जागा, लेखण्यांना लांबट खण. एकाची जागा दुसऱ्याला नाही.

पुढे दौत लेखणीच्या पोटात शिरली. मुंबईत दि. प. दांडेकर यांनी १९३१ साली शाईचा जो उद्योग सुरू केला आणि जो पुढे कॅम्लिन या नावाने घरोघर पोहोचला, त्या काळी दौत व टाक यांचे राज्य ओसरू लागले होते आणि पोटात शाई भरावयाचे फाउंटन पेन रूढ होत होते. १९६२ साली जपानमध्ये युकिओ होरिए यांनी तंतूंच्या टोकाचे पेन तयार केले, आणि आजच्या स्केचपेनांची वाट मोकळी झाली. दौत आणि बोरू एकरूप झाले तेव्हा दौतीची काळजीही लेखणीकडे आली. मात्र ही गोष्ट आपल्या अजून ध्यानी आलेली नाही. ज्या वस्तूच्या पोटात द्रव आहे ती उभी, आडवी की उलटी ठेवावी, हे त्या द्रवाने ठरवावयाचे असते.

स्केचपेन उघडून पाहिले तर आत तंतूंची एक मऊ कांडी दिसते. ती शाईने भिजलेली असते आणि पेनाचे टोक तिच्यात रुतलेले असते. दिव्याची वात ज्या गुणाने तेल वर ओढते, त्याच केशाकर्षणाने शाई कांडीतून टोकाकडे येते. परंतु पेन आठवडेच्या आठवडे टोक वर करून उभे राहिले, तर गुरुत्वाकर्षण आपले काम करीत राहते. शाई हळूहळू तळाकडे उतरते आणि टोक उपाशी पडते. आत शाई पुरेशी असूनही पेन संपले असे वाटते आणि ते केराच्या टोपलीत जाते. पैशाचा खरा अपव्यय येथे होतो.

यास्तव पहिला नियम असा, की स्केचपेने व मार्कर आडवे ठेवावेत. दोन्ही बाजूंना टोके असलेल्या मार्करांना तर दुसरा मार्गच नाही. उभे केले की एक टोक तुडुंब आणि दुसरे कोरडे होते. ब्रशपेने आणि बारीक रेषेची पेने यांनाही आडवी ठेवणच मानवते. ज्यांच्या पोटात लहानशी गोळी खुळखुळते ते रंगाचे मार्करही आडवेच असावेत. त्यांतील रंगद्रव्य तळाशी बसते, म्हणून वापरण्यापूर्वी टोपण घट्ट लावून ते हलवावे लागतात. बॉलपेन व जेल पेन यांची शाई दाट असते. ती आडवी किंवा टोक खाली करून ठेवली तरी चालतात. फाउंटन पेनाची रीत मात्र याच्या उलट आहे. शाई भरलेली असताना निब वर ठेवावे, नाही तर टोपणात डाग साचतो. ते महिनोन् महिने वापरावयाचे नसेल तर शाई काढून साध्या पाण्याने धुऊन ठेवावे. चित्रकामाची न पुसणारी काळी शाई त्यात कधीही भरू नये. ती आत वाळते आणि पेन कायमचे बुजते.

दुसरा नियम वर्गवारीचा. बहुतेक घरी पेने रंगांनुसार लावण्याची हौस असते. सारे निळे एकत्र, सारे लाल एकत्र. इंद्रधनुष्य सुरेख दिसते, पण पाण्याच्या शाईचे निळे आणि स्पिरिटच्या शाईचे निळे शेजारी आले की मुलाच्या हाती भलतेच पेन येते. स्पिरिटची शाई कागदातून पलीकडे झिरपते आणि मागच्या पानावरील चित्राचा घात होतो. म्हणून आधी जात पाहावी, मग रंग. पाण्याच्या शाईचा एक कप्पा, स्पिरिटच्या शाईचा दुसरा, बारीक रेषेच्या पेनांचा तिसरा, आणि टाक-निब यांची डबी निराळी. टोपणाचा रंग व कागदावर उमटणारा रंग यांत बरेच अंतर असते. त्यासाठी प्रत्येक कप्प्यातील पेनांच्या रेघा एका जाड कागदाच्या तुकड्यावर ओढून तो झाकणाच्या आतील बाजूस चिकटवावा. सर्व पेने महिन्यातून एकदा या पत्रकाशी ताडून पाहिली की कोणते मंदावले ते तत्काळ कळते.

याला फार खर्च येत नाही. पेनाची लांबी बहुधा १४-१५ सेंटिमीटर असते. बिस्किटांच्या चपट्या पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या बसवल्या की कलमदान तयार झाले. जोड्यांचा खोका असेल तर त्यात आगपेटीच्या खणांप्रमाणे दोन मजले करता येतात. पेल्याचाच आग्रह असेल तर पेला फळीवर आडवा निजवावा. शाळेत नेण्यासाठी जाड कापडाची, शिवून खाचा पाडलेली गुंडाळी उत्तम. फक्त दप्तरात ती आडवी राहील असे पाहावे.

हवेचाही विचार करावा लागतो. गोव्यात व बेळगावच्या घाटाकडील भागात पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी येते आणि लोखंडी निब चार दिवसांत गंजते. तेथे घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, निब पुसून कोरडे करूनच ठेवावे, आणि नव्या जोड्यांबरोबर येणारी सिलिकाची पुडी त्यात टाकावी. ग्वाल्हेर, इंदूर वा हैदराबाद येथील उन्हाळा याच्या विरुद्ध. तेथे खिडकीच्या कट्ट्यावर किंवा पत्र्याखालील माळ्यावर ठेवलेला स्पिरिटचा मार्कर लवकर सुकतो. घरातील सर्वांत थंड भिंतीजवळचा खालचा कप्पा त्याला योग्य. ही शाई पेट घेणारी आहे हेही विसरू नये. चूल, देवघरातील समई किंवा वेदीवरील मेणबत्ती यांच्या जवळ असा डबा नसावा.

टोपणाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ते ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबले नाही तर सारी व्यवस्था व्यर्थ जाते. पुष्कळ टोपणांच्या माथ्यावर एक भोक असते. ते पाहून कित्येक लोक शाई सुकेल या भीतीने त्यावर चिकटपट्टी लावतात. असे मुळीच करू नये. लहान मुलाने टोपण गिळले आणि ते घशात अडकले तर श्वासाला वाट राहावी म्हणून ते भोक ठेवलेले असते. या सुरक्षिततेसाठी १९९३ साली आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. टोकाभोवती आतून बसणारा भाग निराळा असल्यामुळे त्या भोकाने शाई सुकत नाही.

आणि इतके करूनही पेन कोरडे पडलेच, तर लगेच फेकू नये. ते टोक खाली करून एक रात्र ठेवावे. पाण्याच्या शाईचे असेल तर टोक कोमट पाण्यात क्षणभर बुडवून कागदावर फिरवावे. अनेकदा ते पुन्हा बोलू लागते. स्पिरिटच्या मार्करवर मात्र पाण्याचा प्रयोग करू नये.

शेवटी एक गोष्ट मोठ्यांनी ध्यानी धरावयाची. डबा इतका उंच नसावा की मुलाला मागून घ्यावा लागेल, आणि रचना इतकी नाजूक नसावी की ती केवळ आईलाच लावता येईल. जे मुलाला स्वतः काढता येते आणि स्वतः जागेवर ठेवता येते, तेच टिकते. पेन ऐन वेळी दगा देऊ लागले की मूल पेनाला दोष देत नाही. आपल्यालाच चित्र येत नाही असे ते समजते आणि वही मिटते. रेघ अर्ध्यावर तुटू नये, एवढ्यासाठीच ही सारी ठेवण. नवा संच विकत घेण्यापूर्वी घरातला तो पेला एकदा आडवा करून पाहावा.