बेरजेची मर्यादा

आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं भूमिगत नहर बांधून शहरांत पाणी आणिलें. पाण्याचा नियम सर्वांस ठाऊक आहे: दोन झऱ्यांचें पाणी एका नळांत मिसळलें, कीं तें पुन्हां निराळें होत नाहीं. वार्तेचें मात्र तसें नाहीं, हें आम्हांस अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवानें साठीनंतर शिकविलें.

तो म्हणाला, "आजोबा, समजा दोन प्रश्न आहेत. प्रत्येकाचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं'. दोन घरांस दोन्ही उत्तरें हवीं आहेत. पहिलें उत्तर पहिल्या घरीं थेट पोंचतें, दुसरें दुसऱ्या घरीं. दोन्ही घरांकडे जाणारी सामाईक गल्ली एकच, आणि तिच्यांतून एका वेळीं एकच शब्द जातो. काय कराल?"

आम्ही म्हणालों, "दोन फेऱ्या." तो हंसला. गल्लींतून इतकेंच कळवावें, कीं दोन्ही उत्तरें सारखीं आहेत कीं भिन्न. ज्या घरीं एक उत्तर आलेलें आहे, तें दुसरें आपोआप ओळखतें.

हेंच जाल-संकेतन. आल्स्वीड, काय, ली व युंग यांनीं २००० सालीं या विद्येचा पाया घातला. २००३ मध्यें ली, युंग व काय यांनीं सिद्ध केलें, कीं एका स्थानाहून निघालेल्या सर्व वार्ता सर्व घरांस हव्या असतील, तर मधल्या नाक्यांवर ठराविक संख्यांनीं गुणून बेरीज करणें पुरेसें आहे. यास रेषीय संकेतन म्हणतात.

पण प्रत्येक घरास निराळी वार्ता हवी असेल, तर? तेथेंहि बेरीज पुरेल, अशी अटकळ होती. २००५ मध्यें डॉगर्टी, फ्रायलिंग व झेगर यांनीं एक जाल रचून ती खोटी ठरविली. त्या जालाच्या एका भागांत, एक आणि एक मिळून शून्य होतें अशाच गणितांत बेरीज चालते. दुसऱ्या भागांत, तसें होत नाहीं अशाच गणितांत. एकाच गणितानें दोन्ही अटी कशा पाळाव्या? तथापि बेरजेचा आग्रह सोडला, तर केवळ चार चिन्हांच्या लिपीनें तेंच जाल पूर्णपणें चालतें. रेषीय मार्गानें मात्र अकरा अक्षरांच्या वेळांत अधिकांत अधिक दहाच पोंचतात.

आम्हांस वाटलें, जेथें मागणीच बेरजेची, तेथें तरी बेरीज पुरावी. मुंबईस पवईच्या आय.आय.टी.त ब्रिजेश कुमार राय व बिकाश कुमार डे यांनीं नेमका हाच प्रश्न हाताळला. प्रत्येक घरास सर्व वार्तांची केवळ बेरीज हवी असली, तरीहि रेषीय संकेतन कांहीं जालांत अपुरें पडतें, असें त्यांच्या २०१२ सालच्या निबंधांत सिद्ध केलेलें आहे.

हें ऐकून आम्हीं मान खालीं घातली. शिक्षक असतांना एका मुलाचें उत्तर बरोबर असूनहि, रीत फळ्यावरची नव्हे म्हणून आम्हीं त्यावर काट मारिली होती. पुढें त्यानें गणिताचा नादच सोडला. सोपा नियम पुष्कळ ठिकाणीं पुरतो, म्हणून तो सर्वत्र पुरतोच असें नव्हे. हा विचार त्या दिवशीं आमच्या मनास शिवलाहि नाहीं.

ती वही आतां परत मागतां येत नाहीं. धाकट्या नातवंडांच्या वह्या मात्र हातीं आहेत. त्या तपासतांना आम्ही आतां, रीत आमची नसली तरी, ती शेवटपर्यंत वाचतों.