बंद पडून राहिलेलं इंजिन कसं पारखावं?



बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो. खूर बघतो. चार पावलं चालवून बघतो. नुसत्या मालकाच्या शब्दावर कोणी बैल घेत नाही.

जुना ट्रॅक्टर घेताना मात्र पुष्कळदा फसगत होते. विकणारा म्हणतो, "दादा, इंजिनाचं पूर्ण काम केलंय. नवं पिस्टन, नवं लायनर. त्यानंतर चार वर्षं शेडात उभाच आहे. झिजायचा प्रश्नच नाही!"

ऐकायला बरं वाटतं. पण यात एक गोम आहे. चालून इंजिन झिजतं हे खरं. पण न चालताही इंजिन खराब होतं. म्हणून ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि तपासल्याशिवाय ते सुरूही करू नये. घाईनं सुरू केलं, तर चांगलं इंजिनसुद्धा काही मिनिटांत वाया जातं.

इंजिन चालतं कसं?

जर्मनीत रुडॉल्फ डिझेल नावाचे एक इंजिनियर होते. त्यांचं इंजिन १८९७ साली नीट चालून दाखवलं गेलं. त्यांच्याच नावावरून डिझेल हे नाव पडलं. ट्रॅक्टरचं इंजिन याच जातीचं असतं.

सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही पाहिलं असेल. हवा दाबली की तापते. इंजिनात पिस्टन वर जातो आणि हवा दाबतो. ती तिच्या मूळ जागेच्या सोळा-सतरा पटींनी लहान जागेत कोंबली जाते. तेव्हा ती ५०० अंशांच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं. डिझेल पेट घेतं आणि पिस्टन खाली ढकललं जातं.

म्हणजे सगळी मदार हवा कोंडून धरण्यावर आहे. ती कोंडतात पिस्टनच्या रिंगा आणि हेडमधले वॉल्व. रिंगा चिकटल्या किंवा वॉल्व नीट बसले नाहीत, की इंजिनाचा दम गेलाच.

उभ्या इंजिनाला काय होतं?

इंजिन चालत असतं तेव्हा आत सगळीकडे तेलाचा हात फिरत असतो. ते बंद झालं की तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं. लायनर उघडं पडतं.

इंजिन थांबतं तेव्हा कुठला ना कुठला वॉल्व उघडा राहतो. त्यातून पावसाळ्याची दमट हवा आत शिरते. लायनरला गंज चढतो. पिस्टनच्या रिंगा त्या गंजात चिकटून बसतात. यालाच आपण इंजिन जाम झालं म्हणतो. वॉल्वही आपल्या जागी अडकतात.

रबराचे सील वाळतात. रेडिएटरमध्ये पाणी राहिलं असेल तर आतून गंज धरतो. डिझेलच्या टाकीत पाणी साचतं आणि चिकट गाळ होतो. सायलेन्सर उघडा असेल तर त्यात पाऊस जातो. हवेच्या नळीत उंदीर घर करतात. कुंभारीण माशी मिळेल त्या भोकात मातीचं घर बांधते.

आधी विचारा

मालकाला ही माहिती विचारा:

१. काम कोणी केलं? कोणत्या साली केलं?
२. काम अर्धं केलं की पूर्ण? नुसत्या रिंगा आणि वॉल्व, की पिस्टन, लायनर आणि क्रँकची बेअरिंगंही?
३. सुट्या भागांची बिलं आहेत का?
४. काम झाल्यावर इंजिन किती तास चाललं?
५. ठेवताना हवेची नळी आणि सायलेन्सर झाकला होता का? पाणी काढलं होतं का?

बिलं असली तर जपून वाचा. त्यावरून नेमकं काय बदललं ते कळतं. मिस्त्री सापडला तर त्यालाही भेटा. शेवटी इंजिनावर कोरलेला नंबर आरसी बुकातल्या नंबराशी ताडून पाहा. नंबर जुळत नसेल, तर आधी त्याचा खुलासा घ्या. ट्रॅक्टरवर कर्जाचा बोजा आहे का, तेही बघा.

मग पाहा

वरचा रंग पाहून भुलू नका. वरून कीर्तन, आतून तमाशा, असं पुष्कळदा असतं.

तेल मोजायची पट्टी काढा. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. पट्टीवर दिसत नसेल तर चेंबरचा खालचा बोल्ट थोडासाच ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड असतं. ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. पाण्याची धार लागली, तर पाणी शिरलं कुठून ते शोधलंच पाहिजे.

रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? लालभडक गंज आहे का? मग हवेची नळी आणि सायलेन्सर आतून पाहा. घरटं, माती, पाणी जे असेल ते काढा.

हातानं फिरवा

ही खरी परीक्षा. इथेच बहुतेक निकाल लागतो. हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या. पण स्वतः शेजारी उभे राहा.

आधी सगळी नोझलं काढावीत. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-चार चमचे इंजिन ऑइल सोडावं. ते एक-दोन दिवस तसंच मुरू द्यावं. नोझलच्या भोकातून जाईल असा बारीक कॅमेरा हल्ली मिळतो. तो मोबाइलला जोडला की लायनरवरचा गंज डोळ्यांनी दिसतो.

मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावावा आणि इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं हळू फिरवावं. दोन पूर्ण फेरे झाले पाहिजेत. इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं. तेवढ्यात प्रत्येक वॉल्व एकदा उघडतो आणि मिटतो.

नोझलं काढल्यावर आत हवा कोंडत नाही. म्हणून पाना सारख्या जोरानं फिरायला हवा. कुठे अडला तर थांबा. पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका. रिंग तुटेल किंवा वॉल्वचा दांडा वाकेल. पुन्हा तेल सोडा, वाट पाहा. तरी हलत नसेल तर हेड उघडण्यावाचून उपाय नाही.

इंजिन जाम असताना पुष्कळजण टोचन लावून ट्रॅक्टर ओढतात. हे कधीही करू नका. असं केल्यानं हजारांचं काम लाखावर जातं.

फिरवताना वरचं झाकण काढून रॉकर बघा. सगळे वॉल्व सारखे खाली-वर होतात का? एखादा खाली जाऊन तिथेच राहिला, तर तो अडकला आहे.

नोझलं परत बसवण्याआधी इंजिन पुन्हा फिरवून सिलिंडरमधलं जास्तीचं तेल बाहेर उडवून द्यावं. तेव्हा तोंड भोकापाशी नेऊ नये. हवा दाबली जाते, पण तेल दाबलं जात नाही. आत तेल साचलं असताना सेल मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

नोझलचा फवारा तपासताना हात कधी समोर धरू नये. त्या फवाऱ्याला एवढा जोर असतो की डिझेल कातडी भेदून आत शिरतं. तसं झालं तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

सुरू करताना

जुनं तेल, तेलाचा फिल्टर, डिझेल, डिझेलचा फिल्टर हे सगळं बदला. रेडिएटरमध्ये नवं पाणी आणि कूलंट घाला. टाकी तळापासून धुवा.

ट्रॅक्टर उघड्यावर आणा. बंद शेडात इंजिन चालवू नका. त्याच्या धुरात विषारी वायू असतो. चाकांना दगड लावा. गिअर न्यूट्रलला ठेवा.

डिझेल पंपाचा बंद करायचा दांडा मोकळा हलतो का पाहा. पंप आतून चिकटला असेल तर इंजिन एकदम वेग घेतं आणि थांबता थांबत नाही. अशा वेळी हवेच्या नळीचं तोंड फळीनं गच्च झाकलं की इंजिन गुदमरून थांबतं. म्हणून एक फळी हाताशी ठेवा. हात लावू नका.

आधी डिझेल बंद ठेवून थोडाथोडा सेल मारा. मध्ये विश्रांती द्या. तेलाच्या काट्यावर दाब दिसला की मगच डिझेल सोडा.

इंजिन सुरू झालं की रेस वाढवू नका. डोळा तेलाच्या काट्यावर ठेवा. काही सेकंदांत दाब आला नाही तर ताबडतोब बंद करा. तेलाशिवाय बेअरिंग जळायला वेळ लागत नाही. कान देऊन ऐका. खालून ठक् ठक् असा जड आवाज येत असेल, तरीही बंद करा.

धूर काय सांगतो?

निळा धूर म्हणजे तेल जळतं आहे. पण तुम्हीच आत तेल सोडलं होतं. म्हणून पहिली काही मिनिटं निळा धूर येणारच. इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर रिंगा किंवा वॉल्व सील यांत दोष आहे.

पांढरा धूर थंड इंजिनात येतो. तापल्यावर जायला हवा. गेला नाही, आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर पाणी आत शिरतं आहे.

काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. हवेची वाट, पंप आणि नोझलं तपासा.

पूर्ण काम झालेलं पण फारसं न चाललेलं इंजिन असेल, तर त्याच्या रिंगा अजून लायनरला बसलेल्या नसतात. ते थोडं धूर टाकेल. लगेच वाईट म्हणू नका. हलकं काम देऊन काही तास चालवा. धूर कमी होत गेला तर इंजिन चांगलं. वाढत गेला तर सोडून द्या.

किंमत कशी ठरवावी?

तपासणी झाली की किंमत तुम्हाला आपोआप सुचेल. एक उदाहरण घेऊ. समजा, तसाच चालू ट्रॅक्टर तुमच्या भागात ३ लाखांना जातो. मिस्त्री म्हणतो, याच्या इंजिनाला ७० हजार लागतील. टायर आणि बॅटरीला ३० हजार लागतील. मग तुमची किंमत २ लाखांच्या वर जाता कामा नये.

क्लचही बघा. इंजिन बंद ठेवा आणि सपाट जागी गिअर घाला. एकानं क्लच दाबून धरावा. बाकीच्यांनी ढकलावं. ट्रॅक्टर हलला नाही तर क्लच प्लेट चिकटली आहे. तोही खर्च धरा.

मालक इंजिन तपासूच देत नसेल तर? मग इंजिन खराब आहे असं समजून किंमत सांगा. पटलं तर घ्या, नाहीतर नमस्कार करून निघा. पेरणी तोंडावर आली म्हणून घाईनं सौदा करू नका. ऐन पेरणीत बंद पडलेला ट्रॅक्टर कर्जाचा हप्ता थांबवत नाही.

आणि मालक सरळ असेल, बिलं असतील, इंजिन झाकून ठेवलेलं असेल, हातानं मोकळं फिरत असेल, तर सौदा खरोखर चांगला ठरतो.

लक्षात ठेवा

- नवं केलेलं इंजिनही उभं राहून खराब होतं.
- आधी विचारा, मग पाहा, मग हातानं फिरवा. सेल सगळ्यात शेवटी.
- जाम इंजिनाला जोर लावू नका. टोचन लावू नका.
- तेलाचा दाब आला नाही तर लगेच बंद करा.
- जे तपासता आलं नाही, त्याचा खर्च किमतीतून वजा करा.