पंच, फासे आणि शब्द : लघुमूर्तींच्या युद्धक्रीडेतील नियमभाषा

टेबलावर चिमुकल्या मूर्ती मांडून लढाई खेळण्याचा जो प्रकार पाश्चात्त्य देशांत प्रौढांमध्येही रूढ आहे, तो प्रथमदर्शनी खेळण्यांची मांडामांड वाटतो. परंतु या क्रीडेचा खरा आधार मूर्ती नव्हेत, नियमपुस्तक होय. मूर्ती जागच्या जागी उभ्या असतात. त्यांपैकी कोण धावला, कोणास गोळी लागली आणि कोण मेला, हे सर्व पुस्तकातील वाक्यांनी ठरते. भाषेच्या अभ्यासकास या क्रीडेत रस वाटावा तो याच कारणाने. वाक्यांवर हा भार कसा येऊन पडला आणि तो त्यांना कितपत पेलतो, हे पाहणे उद्बोधक ठरते.

या क्रीडेचा एक महत्त्वाचा पूर्वज प्रशियाच्या सैन्यात आढळतो. १८२४ मध्ये राइस्वित्स या तरुण अधिकाऱ्याने युद्धक्रीडेचे नियम प्रसिद्ध केले. तीत नकाशा होता, फासे होते, हानीची कोष्टके होती. आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच होता. खेळाडू आपल्या आज्ञा पंचाकडे देत आणि परिणाम त्याच्याकडून ऐकत. पुढे कोष्टकांचा जाच होऊ लागला, तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नवा या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच भिस्त ठेवावी असा पक्ष मांडला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात निराळीच वाट धरली. त्यांच्या खेळात स्प्रिंगची तोफ खरोखरच लाकडी गोळा फेकीत असे. शिपाई आडवा झाला की तो मेला. तोफेच्या या माऱ्यास फाशाचीही गरज नव्हती आणि पंचाचीही.

इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या संस्थेने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळात दूरच्या भविष्यकाळातील सैन्ये लढतात. रिक प्रीस्टली यांनी लिहिलेल्या पहिल्या पुस्तकात खेळ चालविणारा तिसरा मनुष्य गृहीत धरला होता. पुढील आवृत्त्यांत तो नाहीसा झाला. आता समोरासमोर दोन खेळाडू, दोघांचे हित परस्परविरुद्ध, आणि दोघांच्या मध्ये केवळ एक संहिता. पूर्वी पंचाच्या विवेकाने जे काम होई, ते आता शब्दांनी करावयाचे होते.

हे काम कसे चालते, ते एका चकमकीवरून स्पष्ट होईल. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत लढाईच्या पाच फेऱ्या असून प्रत्येक खेळाडूच्या पाळीचे आज्ञा, हालचाल, नेमबाजी, धडक आणि हातघाई असे पाच टप्पे असतात. चिलखतधारी ‘स्पेस मरीन’ सैन्याचे पाच शिपाई ‘ऑर्क’ या दांडग्या, रानटी परग्रहवासीयांच्या टोळीवर प्रत्येकी दोन गोळ्या झाडतात असे समजू. दहा फासे पडतात. ज्यांवर तीन किंवा अधिक पडेल त्या गोळ्या ‘लागतात’. लागलेल्या प्रत्येक गोळीसाठी पुन्हा फासा टाकावयाचा. ऑर्क चिवट असल्यामुळे पाच किंवा सहा पडले तरच ‘जखम’ होते. त्यानंतर ऑर्कचा खेळाडू आपला फासा टाकतो. या बंदुकीपुढे त्यांचे तोकडे चिलखत सहा पडले तरच ‘वाचविते’. हिशेब केला तर दहा गोळ्यांत सरासरीने दोनांहून थोडे कमी ऑर्क पडतात.

येथे ‘जखम’ या शब्दाचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. व्यवहारात झालेली जखम मागाहून वाचविता येत नाही. येथे ती येते. कारण शब्द तोच राहिला, तरी त्याचा अर्थ शरीरापासून सुटून क्रियेतील एका पायरीपुरता उरला आहे. त्याचप्रमाणे एखाद्या जागेच्या ‘आत’ असणे आणि ‘संपूर्णपणे आत’ असणे यांत नियमपुस्तक भेद करते. पहिल्यास मूर्तीचा कोणताही अंश पुरतो, दुसऱ्यास प्रत्येक अंश आत असावा लागतो. बोलताना आपण हा भेद क्वचितच पाळतो. टेबलावर मात्र त्यावाचून एक पाऊलही पुढे पडत नाही.

नियमांची परस्परव्यवस्थाही संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास ओळखीची वाटेल. सर्वांस लागू असणारा नियम हा उत्सर्ग, आणि एखाद्या पथकाच्या पत्रकावर छापलेला विशेष नियम हा त्याचा अपवाद. अपवाद उत्सर्गास बाधतो. तरीही वाद उरतातच. एक खेळाडू अक्षरार्थ धरतो, दुसरा नियमकर्त्याचा हेतू पुढे करतो. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण इत्यादींचे बलाबल मीमांसकांनी ठरवून ठेवले ते अशाच अडचणीसाठी. प्रकाशकही शुद्धिपत्रे आणि शंकासमाधाने प्रसिद्ध करतो. पण समाधानाचे वाक्य हेही शेवटी वाक्यच असल्यामुळे त्याच्याही अर्थाविषयी नवी शंका निघू शकते.

२०१२ च्या सहाव्या आवृत्तीने यावर एक प्रांजळ तोड सुचविली होती : एकमत होत नसेल तर एक फासा टाकावा आणि खेळ पुढे न्यावा. भाषेची मर्यादा नियमकर्त्यांनी येथे नियमातच नमूद केली. मोठ्या स्पर्धांत तर निर्णयासाठी पंच नेमले जातात. म्हणजे ज्यास पुस्तकाने निरोप दिला, तोच पुन्हा टेबलाशी येऊन उभा राहतो. नियम कितीही काटेकोर लिहिला, तरी तो या प्रसंगी लागू आहे किंवा नाही, हे तो स्वतः सांगू शकत नाही; ते कोणा माणसालाच सांगावे लागते. पंच नसेल तेथे हे काम दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून करावयाचे असते. जिंकण्यासाठी आलेल्या दोघांनी वाक्याचा अर्थ मात्र एकत्र बसून लावावा, या सामंजस्यावर हा सारा खेळ उभा आहे. आणि ते सामंजस्य कोणत्याही आवृत्तीस छापून देता येत नाही.