बोटीवरचा रिकामा दिवस

"उद्या दिवसभर तुला काहीही काम नाही," असं जर कुणी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही काय कराल हो? खरं सांगा! मला वाटलं होतं, मी आनंदानं उड्या मारीन. प्रत्यक्षात मी पहाटे पाच वाजता उठून बसले आणि बेसिनमध्ये चार हातरुमाल धुऊन टाकले.

ही गोष्ट आहे अरबी समुद्रावरची. आम्ही नगरची माणसं. 2024 पासून आमचा जिल्हा अहिल्यानगर झाला, पण तोंडात अजून 'नगर'च येतं. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे राहुरीजवळचं मुळा धरण, नाहीतर तिकडे अकोल्याचं भंडारदरा. बाकी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा मुलूख. अशा माणसांनी चार रात्री बोटीवर काढायच्या म्हणजे थट्टाच! पण आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, माझी भिशी फुटली, ह्यांनी त्यात भर घातली आणि दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-लक्षद्वीप-मुंबई असं ठरलं.

मुंबईहून अशा चैनीच्या बोटी सुटतात हे पुष्कळजणींना ठाऊक नसतं. 2018 मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली होती, ती पुढे बंद पडली. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' सुरू झाली. बोट 1990 सालची, चांगली अकरा मजली! बोट कुठलीही घ्या, एक गोष्ट सारखीच. मुंबईहून लक्षद्वीपचं अगत्ती बेट सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या आसपास. बोट तासाला अठ्ठावीस-तीस किलोमीटर चालते, म्हणजे आपल्या गावातल्या स्कूटरइतकी. तेव्हा जाताना एक आणि येताना एक असा अख्खा दिवस नुसतं पाणी! त्या दिवसाला प्रवासी कंपन्यांच्या पत्रकात 'समुद्रावरचा दिवस' असं गोड नाव असतं. त्या दिवसाचं काय करायचं, हाच माझ्या लेखाचा विषय.

आधी एक कबुली देते. सासूबाईंना न्यायचं माझ्या मनात नव्हतं. बहात्तर वर्षांचं वय, रक्तदाबाची गोळी, बोट लागली तर कोण बघणार, असं मी ह्यांना पटवून दिलं होतं. आठ दिवस त्यांना नणंदेकडे ठेवायचंही ठरलं होतं. पण सासूबाई मूळच्या देवगडच्या. बोट हा शब्द कानावर पडला मात्र, त्यांनी एवढंच विचारलं, "देवगडावरून जाते का गं?" मग मला 'नाही' म्हणवेना. पाच माणसं, दोन खोल्या: ह्यांची आणि मुलाची एक, मी, सासूबाई आणि धाकटी मिळून दुसरी.

आता थोडं व्यवहाराचं. जाहिरातीतला आकडा हा शेवटचा आकडा नसतो, बरं का. त्यावर कर, बंदराचा आकार आणि सेवेचा आकार बसतो. पैसे भरण्यापूर्वी सगळ्याची बेरीज कागदावर मागून घ्या. जेवणखाण, नाटकघरातले खेळ, मुलांची खोली, पोहण्याचा तलाव हे भाड्यात असतं. फोटो, मालिश, खास हॉटेलातलं जेवण आणि थंड पेयं बहुधा नसतात. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. चढतानाच एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तीच उधारीची वही! कार्ड मुलांच्या हाती देऊन आपण निवांत झोपू नका. आमच्या चिरंजीवांनी दुपारपर्यंत तीन सरबतं 'लिहून' ठेवली होती.

दुसरी गोष्ट, सामानाची. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या खोलीवर पोचायला संध्याकाळ होते. औषधं, चष्मा, एक साडी किंवा पंजाबी ड्रेस, ओळखीची कागदपत्रं एवढं हातातल्या पिशवीत हवं. मी शहाणीनं गोळ्यांचा डबा मोठ्या बॅगेत टाकला होता! सासूबाईंची संध्याकाळची गोळी दोन तास उशिरा गेली. इस्त्री, पाणी तापवायची किटली, शिजवलेलं अन्न यांना बोटीवर सहसा मज्जाव असतो, त्यामुळे दशम्यांचा मोह आवरा. जैन जेवणसुद्धा मिळतं, मग तुमच्या उपासाचं का अडेल?

निघण्याच्या सुमारास सगळ्या उतारूंना धोक्याच्या वेळी कुठे जमायचं, जाकीट कसं बांधायचं याची तालीम देतात. पुष्कळजण कंटाळा करतात. करू नका. 1912 साली 'टायटॅनिक' बुडाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांतून ही शिस्त आली आहे. आणि टायटॅनिक तरी कशाला? 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली आपली 'रामदास' बोट मुंबईजवळच बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. सासूबाईंच्या माहेरी ते नाव आजही दबक्या आवाजात घेतात. तालमीत सर्वांत नीट जाकीट बांधलं ते त्यांनी.

संध्याकाळी पाचला बोट हलली. मुंबईचे दिवे मागे गेले, तासा-दोन तासांत मोबाइलही मुका झाला. हो, किनाऱ्यापासून दूर गेलं की आपला फोन चालत नाही. बोटीची स्वतःची सोय असते, पण ती महाग. आणि चुकून फोन तिला जोडला गेला तर बिल बघून चक्कर येईल. आधीच 'विमान' चिन्ह दाबून ठेवा. घरी सांगून ठेवा की दोन दिवस काळजी करू नका.

आमची खोली आतली, बिनखिडकीची. स्वस्त पडते म्हणून घेतली. तिथे दिवस की रात्र काही कळत नाही, म्हणून न्हाणीघराचा दिवा लावून दार किलकिलं ठेवायचं. रात्री मला जाग आली ती त्या उजेडात सासूबाईंची रिकामी गादी दिसली म्हणून. तीन वाजत आले होते! माझी तर बोबडीच वळली. अंगावर शाल घेतली आणि धावत वर गेले. वरच्या मजल्यावर कठड्याला धरून त्या उभ्या होत्या. डोक्यावर पदर, पायात ह्यांच्या सपाता.

"आई, अहो काय हे! मला उठवायचं नाही का?"

"आत्ता देवगड जातंय," त्या म्हणाल्या. संध्याकाळी नातवाला दूरदर्शन संचावर बोटीचा नकाशा लावायला सांगून त्यांनी त्याच्याकडून हिशेब करून घेतला होता. देवगड रात्री तीनला, डाव्या हाताला! मी डावीकडे बघितलं. काळोख. दीपगृहाचा दिवासुद्धा दिसत नव्हता, एवढे आम्ही किनाऱ्यापासून लांब होतो. पण त्या बघत राहिल्या आणि मीही थांबले. तिथे दोन आरामखुर्च्या होत्या, त्यांवर बसलो ते उजाडेपर्यंत. (मधेच एकदा खाली जाऊन धाकटीला बघून आले. ते हातरुमाल त्याच फेरीतले!)

मैत्रिणींनो, पंधरा वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलो आम्ही दोघी. पण हात रिकामे ठेवून समोरासमोर कधी बसलोच नव्हतो. मध्ये सदैव काहीतरी असायचं: शेंगांची टोपली, निवडायचे तांदूळ, नाहीतर माझ्या तपासायच्या वह्या. त्या पहाटे मध्ये काही नव्हतं. मग त्या बोलल्या.

त्यांच्या लहानपणी देवगडला जायचं ते भाऊच्या धक्क्यावरून, सकाळच्या बोटीनं. बोट एकेक बंदर घेत जायची. देवगडला रात्री पोचायची. धक्का नव्हता, तेव्हा भर समुद्रात पडाव यायचे आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं हातोहात खाली उतरायचं. "मी पाच वर्षांची असल्यापासून उडी मारायचे, वडील खालून झेलायचे." पावसाळ्यात मात्र बोटी बंद. 1972 साली लग्न होऊन त्या नगरला आल्या. 1979 च्या जुलैत तार आली, आई अत्यवस्थ आहे. बोट नाही. एस.टी.नं पुणे, मग कोल्हापूर. पुढे फोंडा घाटात दरड कोसळलेली. तिसऱ्या दिवशी पोचल्या, तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं.

"बोट असती तरी मी वेळेवर पोचले असते असं नाही," त्या म्हणाल्या. "पण मला वाटायचं, समुद्रानंच दार लावून घेतलं. म्हणून मी पुन्हा कधी ह्या वाटेला आले नाही."

हे ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं. त्या वेळी हे दीड वर्षांचे, आईच्या कडेवर बसून तो प्रवास केलेले!

असो. उजाडलं आणि मग 'समुद्रावरचा दिवस' सुरू झाला. दाराखाली दिवसभराच्या कार्यक्रमांचा कागद येऊन पडतो: नाच शिकवणं, हाऊजी, जादू, पाककृती, व्यायाम. पहिली चूक म्हणजे सगळीकडे धावणं. आपल्याला सवयच असते हो, पैसे भरलेत ना, मग वसूल करा! तसं केलंत तर घरच्यापेक्षा जास्त दमून याल. एक सकाळी, एक संध्याकाळी एवढंच निवडा. मुलांना त्यांच्या खोलीत सोडा. आणि खोली आवरू नका! मी चादरी घड्या करून ठेवल्या, तर आवरायला आलेला मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, आमची काही तक्रार आहे.

पाण्याचे रंग बघा. मुंबईजवळ पाणी खाडीच्या गाळानं मातकट, मग हिरवं होत जातं आणि खोल समुद्रात शाईसारखं निळं. न्याहारीनंतर धाकटीला पाण्यावरून सूर मारणारे मासे दिसले. पक्षीच म्हणत होती ती. उडणारे मासे ते! दुर्बीण असेल तर जरूर न्या. वरच्या मजल्यावर फेऱ्या माराव्यात, पण उन्हात डोक्याला टोपी किंवा पदर हवा; वाऱ्यामुळे ऊन कळत नाही आणि कातडी भाजून निघते. तलावात उतरायचं तर पोहण्याचे कपडे लागतात. पूर्ण बाह्यांचे, पायघोळ मिळतात ते घ्या आणि खुशाल उतरा. मी छातीभर पाण्यात उभी राहिले, पाचेक मिनिटं. पोहता कुठे येतं!

बोट लागली ती कुणाला? मला! सासूबाई मजेत पोहे खात होत्या. तेव्हा अनुभवाचे बोल ऐका. खोली निवडताना बोटीच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथे हेलकावे कमी. पोट अगदी रिकामं ठेवू नका. कोरडं काही, आलेपाक, सुंठ, लिंबू जवळ असू द्या. मळमळायला लागलं की खोलीत पुस्तक वाचत पडू नका, वर मोकळ्या हवेत या आणि क्षितिजाकडे नजर लावा. आतल्या कानाला हालचाल कळते, डोळ्यांना स्थिर भिंत दिसते, त्या भांडणातून मळमळ होते. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्यापूर्वी तासभर घ्यावी, पण तिनं झोप येते. रक्तदाब, काचबिंदू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दिवाळीनंतर मार्चपर्यंत अरबी समुद्र बहुधा शांत असतो. पावसाळ्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे मासेमारीही बंदच असते.

दुपारी आरामखुर्चीत पडल्यापडल्या मला शाळेतला धडा आठवला. सावित्रीबाई फुल्यांच्या शिक्षणाबद्दल सांगताना मी नगरच्या सिंथिया फॅरार बाईंचं नाव घेते. त्यांच्या संस्थेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले. या बाई 1827 च्या जूनमध्ये अमेरिकेहून शिडाच्या जहाजानं निघाल्या आणि मुंबईत पोचल्या वर्ष संपताना. सहा महिन्यांहून जास्त प्रवास! 1839 मध्ये नगरला आल्या त्या 1862 मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिल्या. आपल्या आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून निघाल्या, न्यूयॉर्कला पोचल्या 4 जूनला. वय अठरा आणि बरोबर घरचं कुणी नाही. आणि मी इथे एका दिवसाचं काय करू म्हणून हातरुमाल धुतेय!

अगत्तीबद्दल जास्त लिहीत नाही. मोठी बोट लांब थांबते, लहान होड्यांतून उतरायचं. पाणी इतकं नितळ की तळ दिसतो. होडीत उतरताना सासूबाईंनी खलाशाचा हात बाजूला केला. उडी मात्र नाही मारू दिली आम्ही.

परतीच्या दिवशी कार्यक्रमाचा कागद मी उघडलाच नाही. आम्ही दोघी वर बसलो. त्यांनी मला सोलकढीचा देवगडचा प्रकार सांगितला, पडावावरच्या एका भांडणाची गोष्ट सांगितली, आणि लग्नानंतरचं पहिलं वर्ष नगरात कसं कोरडं वाटायचं तेही. मीही काही बोलले. ते इथे लिहीत नाही.

मुंबईहून माळशेज घाटानं घरी आलो. आळेफाट्याला चहा पिताना त्यांनी ह्यांना विचारलं, "मे महिन्यात तुला रजा मिळेल का रे?" मेमध्ये आम्ही सगळे देवगडला जाणार आहोत, एस.टी.नं. फोंडा घाटातून.