करंट परत कुठून जातो?

चिंचणी ते नवापूरच्या किनारपट्टीवर मोटारसायकलचं वायरिंग पावसापेक्षा खाऱ्या वाऱ्याने जास्त बिघडतं, असं माझं ठाम मत आहे. देशातली पहिली अणुवीज १९६९ मध्ये तारापूरला तयार झाली; केंद्र थंड ठेवायला समुद्राचं पाणी हाताशी होतं. वीजकेंद्राला उपयोगी पडलेला हाच समुद्र दुचाकीच्या कपलरांत मात्र बारा महिने शिरतो आणि तांब्यावर हिरवा कळंक चढवतो. एमआयडीसीत शिफ्टभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे हाल तर विचारूच नका.

आधी थोडी तोंडओळख. इंजिनाबरोबर फिरणारा मॅग्नेटो एसी वीज तयार करतो. आरआर युनिट तिची डीसी करून बॅटरी भरतं आणि जास्तीची वीज आवरतं. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चाले, म्हणून रेस वाढवली की उजेड वाढे. २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेतोवर बंद होत नाही आणि २०२० च्या बीएस-सिक्सबरोबर फ्यूएल इंजेक्शन आलं, त्यामुळे बॅटरीवरचा भार वाढला. बस, एवढं पुरे.

माझा जीव अडकलाय तो अर्थिंगमध्ये. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट हॉर्न, दिवे, सेल्फ करत चेसी आणि इंजिनाच्या धातूतून मायनसला परततो. ही परतीची वाट एखाद्या बोल्टवर अवलंबून असते. बोल्टखाली गंज धरला की करंट आडवाटा शोधतो: इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो, ब्रेक दाबला की मीटरचा दिवा मंदावतो. अशा वेळी लोक बल्ब बदलत बसतात.

बोईसरच्या एका गॅरेजात केमिकल कंपनीतला एक तरुण गाडी ढकलत आला. नवी बॅटरी घातलेली, आरआर युनिटही नवं, तरी सेल्फ नुसतं टकटक करत होतं. मिस्त्रीने मल्टिमीटर डीसीवर लावला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. "भावा, सेल्फ दाब." काटा नव्हे, आकडा एक व्होल्टच्या पुढे गेला, तिथे ०.२ च्या आत हवा. बोल्ट उघडला तर आत पांढरी भुकटी आणि गंज. पॉलिश पेपरने घासलं, घट्ट आवळलं, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. सेल्फ एका दमात फिरलं! त्या पोराने दोन पार्टांचे पैसे उगाच घातले होते, याची मला आजही हळहळ वाटते.

म्हणून पार्ट घेण्याआधी मीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिनाची रेस वाढवल्यावर १३.५ ते १४.५ हवेत. आकडा वाढतच नसेल तर मॅग्नेटोची कॉइल, आरआर युनिट आणि मधले कपलर पाहा. १५ च्या वर गेला तर आरआर युनिट आणि त्याचं अर्थिंग तपासा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा. हँडलच्या मानेपाशी वायर घासून उघडी पडते, हे फार जुनं दुखणं. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं मला अजिबात मान्य नाही; त्याने वायरिंग पेटतं. जादा एलईडी दिवे आणि हॉर्नसाठी वायर पिळून काळी टेप गुंडाळतात, तीही पावसात सुटते. तिथे सोल्डर करून वर आकसणारी स्लीव्ह चढवावी आणि जड हॉर्नला रिले लावावा.