कापसाच्या वाटेवरची लोकल

मुंबईच्या पश्चिम अंगाने विरारपर्यंत गेलेल्या लोहमार्गावर आज उतारूंचीच गर्दी दिसत असली, तरी तो मार्ग घालणाऱ्या ‘बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’ या विलायती कंपनीची दृष्टी प्रारंभी उपनगरातल्या कारकुनाकडे नव्हतीच. गुजरातचा कापूस बंदरापर्यंत कसा पोहोचेल, हीच तिची विवंचना होती. 1855 साली स्थापन झालेल्या या कंपनीला सरकारने जमीन विनामूल्य दिली आणि भांडवलावर दरसाल शेकडा पाच व्याजाची हमीही दिली. उत्पन्न कमी पडले, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे पर्यायाने रयतेच्या साऱ्यातून, भरून निघावयाची. साहस सरकारचे आणि खासगीपणा तेवढा भागीदारांचा, असा हा खासगी साहसाचा मासला होता.

कंपनीचे सल्लागार इंजिनियर लेफ्टनंट कर्नल जॉन पिट केनेडी हे आग्रही मताचे गृहस्थ होते. घाट चढण्यात द्रव्य व्यर्थ जाते, सबब लोहमार्ग सपाटीनेच न्यावा, असे ते म्हणत, त्यामुळे ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ म्हणजे जी. आय. पी. या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या वाट्यास सह्याद्री आला, तर यांच्या वाट्यास नद्या आणि खाड्या. त्यांवर त्यांनी योजिलेला उपाय असा, की तळाशी मळसूत्री पाते असलेले लोखंडी खांब फिरवीत गाळात रुतवावे आणि त्यांवर ठरावीक मापाच्या लोखंडी तुळया टाकाव्या, म्हणजे विलायतेहून आलेला कोणताही भाग कोणत्याही पुलास बसेल. वसईच्या खाडीने ही युक्ती मानली. नर्मदेने मात्र भडोचचा पूल पुरात पुनःपुन्हा मोडला आणि अखेर 1881 साली तेथे नवा, भक्कम पूल उभारावा लागला.

नोव्हेंबर 1864 मध्ये गाडी ग्रँट रोडला पोहोचली, तेव्हा अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि समुद्र बुजवून जमीन काढू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीच्या भागांसाठी शहर वेडे झाले होते. पुढल्याच वर्षी युद्ध थांबले, भाव गडगडले, ती कंपनी बुडाली. परंतु भरणीची पट्टी शिल्लक राहिली आणि तिच्यावरूनच बी. बी. सी. आय.चे रूळ कुलाब्याकडे सरकले. 12 एप्रिल 1867 रोजी विरार ते बॅक बे अशी पहिली स्थानिक गाडी सुरू झाली. दिवसाकाठी एकच फेरी: सकाळी पावणेसातला विरारहून निघावयाचे आणि सायंकाळी साडेपाचला परत फिरावयाचे. कचेरी आणि घर यांच्यामध्ये विभागलेल्या भावी मुंबईकराची दिनचर्या, कोणी मुद्दाम आखली नसतानाही, या दोन वेळांत पुरती सामावली होती.

1896 च्या प्लेगनंतर ऐपतदार कुटुंबे साष्टीत बिऱ्हाडे करू लागली आणि कंपनीला आपल्या या दुय्यम धंद्याची दखल घेणे भाग पडले. वाफेचे इंजिन जवळजवळच्या स्थानकांना मुळीच सोयीचे नव्हे. ते सावकाश वेग घेते, आणि अखेरच्या स्थानकावर डब्यांपासून सोडवून दुसऱ्या टोकास न्यावे लागते, तेवढा वेळ फलाट अडून राहतो. दोन्ही टोकांस चालकाची खोली असलेल्या विजेच्या गाडीने ही तसदी नाहीशी केली. 5 जानेवारी 1928 रोजी कुलाबा ते बोरिवली 1500 व्होल्टच्या प्रवाहावर गाड्या धावू लागल्या. 1936 साली तारा विरारला पोहोचल्या. मध्यंतरी, 1930 च्या अखेरीस, नव्या भरणीच्या योजनेपायी खुद्द कुलाबा स्थानक बंद झाले आणि चर्चगेटपलीकडचे रूळ उखडले गेले.

कंपनी खासगी म्हणावी तर 1905 सालीच सरकारने ती विकत घेतली होती. मालक बदलला, पण वहिवाट जुन्या मंडळीकडेच राहिली. जी. आय. पी.चा कारभार सरकारने 1925 मध्ये हाती घेतला, बी. बी. सी. आय.चा मात्र 1942 मध्ये. मधली सतरा वर्षे एकाच शहरात एक लोकल सरकारी कारभाराची आणि दुसरी कंपनीच्या कारभाराची, अशा दोन्ही शेजारी धावत होत्या, आणि 1928 पासून दोहींचा विद्युत्‌दाब मात्र एकच होता. कारभारपद्धतींची तुलना करू इच्छिणाऱ्यास याहून सोयीची प्रयोगशाळा क्वचितच मिळाली असती. पण आपल्याकडचा वाद तत्त्वाचाच अधिक झाला. 5 नोव्हेंबर 1951 रोजी एक मध्य रेल्वेत आणि दुसरी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. दोन्ही सरकारच्याच खऱ्या, तरी दादरला दोहींच्या फलाटांना सलग क्रमांक पडावयास 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला.