महाग कलमाचा हिशेब

२०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत, संत्र्याची बाग लावणाऱ्या कुटुंबाची सर्वांत मोलाची खरेदी कलमांची असते. आणि तेथेच काटकसर सर्वाधिक नडते. कलम म्हणजे जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या रोपावर, ज्याला खुंट म्हणतात, संत्र्याचा डोळा बांधून तयार केलेले झाड. निर्जंतुक मातीत वाढवलेले, रोगमुक्त मातृवृक्षाचा डोळा असलेले कलम महाग पडते. परंतु स्वस्त कलमाच्या मुळांशी फायटोफ्थोरा हा बुरशीसदृश रोगजंतू आला, तर खोडातून डिंक गळू लागतो आणि झाड बहराच्या वयातच वाळते. सहा मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. कलमामागे ३० रुपये जास्त मोजले, तरी वाढीव खर्च ८,३१० रुपयेच होतो. फळ पाचव्या वर्षाच्या सुमारास लागत असल्याने चुकीची निवड फार उशिरा उघडी पडते. म्हणून घेताना डोळ्याचा सांधा मातीपासून वीतभर उंच आहे का आणि पांढरी तंतुमुळे भरपूर आहेत का, हे पिशवी उघडून पाहावेच. लावतानाही तो सांधा मातीत गाडला जाऊ नये.